लिंबू बंद, गोळी चालू

पत्र थोडक्यात : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून ४५ वर्षांच्या शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. त्यांच्या आईचे वय ६९ असून त्यांना मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी आईचे ऑपरेशन झाले, काखेतल्या गाठी काढल्या, नंतर किमो आणि ‘लाइट’ही (किरणोपचार) झाली. गेल्या आठ महिन्यांपासून डावा हात हळूहळू सुजत आहे. पुण्यातल्या मोठ्या भावाने ‘क जीवनसत्त्वाने लिम्फ साफ होते आणि प्रतिकारशक्ती वाढते’ असे सांगून सकाळी पाण्यात विरघळणारी १००० मिलिग्रॅमची एक आणि नंतर चघळायच्या ५०० च्या दोन अशा गोळ्या सुरू केल्या आहेत. आता दर पंधरवड्याला शिरेतून ‘व्हिटॅमिन ड्रिप’ द्यायचे त्याने ठरवले असून सहा ड्रिपचे पैसेही भरले आहेत. दुसरीकडे, आंबटाने सूज चढते या मामींच्या म्हणण्यावरून घरात आईला लिंबू, आवळा, चिंच, ताक आणि पेरूसुद्धा बंद आहे. पत्रलेखिका विचारतात : ‘मला हे पटत नाही, पण नको म्हटले आणि उद्या काही झाले तर दोष माझ्यावर येईल. मी काय करू?’

उत्तर :

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. कोणती गोळी किती वाजता दिली जाते याचा तपशील त्यात एखाद्या वेळापत्रकासारखा आहे. भावाचे म्हणणे आहे, मामींचे आहे, वहिनींनी मारलेला टोमणाही आहे. आईंचे मात्र एकच वाक्य आहे : “दुखत नाही गं, नुसता जड वाटतो, भरलेली कळशी अडकवल्यासारखा.” सगळ्या पत्रात सर्वांत कामाचे वाक्य तेच आहे. त्याखालोखाल कामाची नोंद तुमच्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या बाईंची. गणपतीच्या आधी त्यांनी डावी बाही पाऊण इंच जास्त धरली आणि ‘यंदा हा हात जास्त भरतोय’ असे तुम्हाला सांगितले. या आठ महिन्यांत त्या हाताला टेप लावणारी व्यक्ती तेवढी एकच दिसते, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते.

काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्यावर आणि त्या भागाला लाइट दिल्यावर त्याच बाजूच्या हाताला अशी सूज येऊ शकते. तिला लिम्फेडेमा म्हणतात. ती ऑपरेशननंतर काही महिन्यांत येते तशी काही वर्षांनंतरही येते, त्यामुळे ‘तीन वर्षे काही नव्हते, मग आताच कशी’ या तुमच्या शंकेत घाबरण्यासारखे काही नाही. मात्र पत्रावरून हे निदान मी पक्के करू शकत नाही आणि तुम्हीही करू नका, कारण नव्याने आलेली सूज काखेत आजाराने पुन्हा डोके वर काढल्यामुळे किंवा शिरेत रक्ताची गुठळी झाल्यामुळेही असू शकते. ‘असे होते कधीकधी’ असे सर्जन मागच्या खेपेला म्हणाले, असे तुम्ही लिहिता. पण तेव्हा हात किती सुजलेला होता आणि तो कोणी मोजला होता का? या आठवड्यात वेळ घेऊन आईंना त्यांच्याकडे न्या, दोन्ही हात खांद्यापर्यंत उघडे करून दाखवा आणि माप लिहून घ्या. गोळी, ड्रिप आणि पथ्य या तिन्ही गोष्टींचा वाद त्यानंतर घालता येईल.

आता भावाच्या म्हणण्याकडे वळते. लिम्फ म्हणजे लसिका. ती ‘साफ करायची’ असे म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा तुंबलेली मोरी असावी. प्रत्यक्षात रक्तवाहिन्यांतून झिरपून पेशींभोवती आलेले जे पाणी थेट रक्तात परत जात नाही, ते लसिकावाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरांत नेऊन सोडतात. असे दिवसाला काही लिटर पाणी परत फिरते. त्यात प्रथिने असतात, जेवणानंतर आतड्यातून आलेली चरबी असते, आणि संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. वाटेत ठिकठिकाणी ज्या गाठी आहेत त्या जणू चौक्या. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ते याच चौकीवरच्या धावपळीमुळे. हृदयासारखा वेगळा पंप या व्यवस्थेला नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे स्वतःचे हलके आकुंचन, भोवतालच्या स्नायूंची हालचाल, श्वासाची लय आणि पाणी मागे फिरू न देणाऱ्या झडपा यांच्या जोरावर ते पुढे सरकते.

तुमच्या आईंच्या काखेतली चौकी आजाराला अडवण्यासाठीच काढावी लागली आणि लाइटमुळे तिथल्या उरलेल्या वाटाही अरुंद झाल्या असणार. तुम्ही उसाच्या पट्ट्यात राहता, म्हणून हे तुम्हाला लगेच पटेल : चारी बुजल्यामुळे रानात पाणी साचले असेल, तर ते उत्तम खत टाकून उतरत नाही. खत वाईट असते असे नाही, त्याचे काम वेगळे असते. भावाने पाठवलेल्या पत्रकात ‘टॉक्सिन’ हा शब्द तुम्ही मोजला तेव्हा सात वेळा आला. परंतु ते टॉक्सिन नेमके कोणते, हे एकदाही सांगितलेले नाही. आईंच्या हातात साचले आहे ते प्रथिनयुक्त पाणी, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळीने ते उतरते असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. याच कारणाने कमी पाणी पिऊन किंवा लघवी वाढवणारी गोळी घेऊनही ही सूज हटत नाही, हेही इथेच सांगून ठेवते, कारण तो सल्ला तुम्हाला आज ना उद्या कोणीतरी देणारच.

म्हणजे क जीवनसत्त्व बिनकामाचे आहे, असा अर्थ कृपया काढू नका. ते न मिळणे केवढे महागात पडते हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. तुमच्या दारातली शेळीसुद्धा ते करते. माणसाला, माकडांना आणि गिनिपिगला मात्र ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारे शेवटचे विकर (एन्झाइम) बनवणारे जनुक आपल्यात निकामी झालेले आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, तेव्हा रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेली जोडी आठवड्याच्या आत सावरली. या आजारात हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या जखमा उकलतात, अंगावर काळेनिळे डाग पडतात, कारण कोलॅजन नावाचा जो धागा त्वचा, रक्तवाहिन्या आणि हिरड्या बांधून ठेवतो, तो या जीवनसत्त्वाशिवाय नीट विणला जात नाही. लसिकावाहिन्यांभोवतीच्या ऊतींतही तोच धागा असतो. पांढऱ्या पेशी तर हे जीवनसत्त्व रक्तद्रवातल्या प्रमाणाच्या पन्नास ते शंभर पट स्वतःत साठवतात. जंतूंकडे धावताना आणि त्यांना मारताना त्यांना ते लागते. प्रतिकारशक्तीशी क जीवनसत्त्वाचा संबंध आहे तो असा, आणि तो पक्का आहे.

भावाची गफलत होते ती पुढच्या पायरीवर. एखादी गोष्ट न मिळाल्याने यंत्रणा कोलमडते, म्हणून ती दहापट दिल्याने यंत्रणा दहापट चालेल, असे आपण सहज धरून चालतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोज ६५ आणि पुरुषासाठी ८० मिलिग्रॅम अशी शिफारस केली आहे. स्कर्व्ही टाळण्यापुरते तर रोज १० मिलिग्रॅमही पुरते. पांढऱ्या पेशी रोजच्या सुमारे १०० मिलिग्रॅमवर भरून जातात आणि २०० ते ४०० च्या दरम्यान रक्तातली पातळीही वर चढायची थांबते. एका वेळी १००० मिलिग्रॅमच्या पुढे घेतले तर निम्म्याहून कमी शोषले जाते. बाकीचे आतड्यातच राहून कधी पोट बिघडवते आणि जे रक्तात येते त्यातले जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. आईंना दिवसाला २००० मिलिग्रॅम मिळत आहे. ही प्रौढांसाठी मानलेली कमाल मर्यादा आहे. शिफारस तिच्या तिसाव्या भागाइतकी आहे. ‘हल्ली सकाळी पोट बिघडलेले असते’ ही तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावरची ओळ मी या हिशेबाशेजारी ठेवून वाचली.

या अतिमात्रेच्या कल्पनेमागे एक फार मोठे नाव आहे, म्हणून ती सहजासहजी जात नाही. लायनस पॉलिंग यांना १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके मिळाली होती. १९७० मध्ये त्यांनी सर्दीवर भरपूर क जीवनसत्त्व घ्या असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि पुढे स्कॉटलंडमधील डॉक्टर यूअन कॅमेरॉन यांच्यासह कर्करोगाच्या रुग्णांनाही त्याचा लाभ होतो असे मांडले. त्यानंतर अमेरिकेतील मेयो क्लिनिकने रोज १० ग्रॅम तोंडाने देऊन काटेकोर चाचण्या केल्या, त्यांचे निष्कर्ष १९७९ आणि १९८५ मध्ये आले, आणि फायदा दिसला नाही. सर्दीचे म्हणाल, तर २०१३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने ११,००० हून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. रोज गोळी घेणाऱ्या सामान्य माणसांची सर्दी टळत नाही, मोठ्यांमध्ये ती सुमारे आठ टक्के लवकर बरी होते एवढेच आढळले, आणि सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेतल्यास तेवढाही खात्रीचा फायदा दिसला नाही. मॅरेथॉन धावणारे किंवा कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांना मात्र तिने खरोखर मदत केली. तुमच्या आई त्या गटात बसत नाहीत. कोरोनाच्या पहिल्या लाटेत माझ्याही घरी या गोळ्यांचे डबे आले होते, आणि डॉक्टर असून मी ते परत पाठवले नव्हते, हे मोकळेपणाने सांगते. पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोरोना झालेल्यांना घरी रोज ८००० मिलिग्रॅम देऊन पाहिले, तरी लक्षणे लक्षणीय लवकर ओसरली नाहीत.

ड्रिपच्या बाबतीत मात्र मी सौम्य बोलणार नाही. तोंडाने घेतलेल्या गोळीवर आतड्याचे नियंत्रण असते. शिरेतून दिले की ते उरत नाही आणि रक्तातली पातळी कितीतरी पटींनी चढते. म्हणूनच त्यावर अजूनही रुग्णालयांत संशोधन चालते, आणि म्हणूनच ते दुकानाच्या मागच्या खोलीत आरामखुर्चीवर बसवून देण्याची वस्तू नाही. २०२२ मध्ये अतिदक्षता विभागातील जंतुदोषाच्या ८७२ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. शिरेतून क जीवनसत्त्व मिळालेल्या गटात मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचे प्रमाण ४४.५ टक्के होते, दुसऱ्या गटात ३८.५ टक्के. ते रुग्ण अत्यवस्थ होते, आई तशा नाहीत, तेव्हा हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु ‘जीवनसत्त्वच आहे, झाला तर फायदाच’ हे वाक्य एवढ्यावरून तरी मागे घ्यायला हवे. आईंच्या बाबतीत आणखी काही गोष्टी आहेत. मधुमेहाने मूत्रपिंड थोडेही कमकुवत झाले असेल, तर या जीवनसत्त्वापासून बनणारे ऑक्झलेट त्यात साचून ते अधिक बिघडू शकते. मोठ्या मात्रेनंतर काही ग्लुकोमीटर साखर आहे त्याहून जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी अशा ड्रिपने फुटू शकतात. ती तपासणी कोणी सुचवली का, हे भावाला विचारा. आणि सुई कोणत्या हाताला टोचणार, हेही विचारा. सुजलेल्या बाजूला शक्यतो सुई, सलाईन किंवा रक्तदाबाचा पट्टा लावू नये, हे तिथे बसलेल्या माणसाला ठाऊक असेल याची मला खात्री नाही.

आता मामी. आंबटाने जखम चिघळते, सूज चढते, हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते आणि त्यामागची माया मी नाकारत नाही. तरीही या घरात जे घडले आहे त्याकडे जरा दुरून पाहा : पेरू दारातूनच परत जातो आणि पेरूत जे असते तेच पुण्याहून पुड्यांत भरून येते. ज्या जीवनसत्त्वामुळे जखम भरते तेच पथ्य म्हणून काढून घेतले आहे. शिवाय आंबटपणा आणि क जीवनसत्त्व ही एकच गोष्ट नाही. चिंच, आमसूल आणि ताक चांगले आंबट असूनही त्यांत हे जीवनसत्त्व नगण्य असते. पेरू फारसा आंबट नाही, शेवग्याचा पाला आणि ढोबळी मिरची तर मुळीच नाही, पण तिन्हींत ते भरपूर आहे. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे आईंची दिवसाची गरज अर्ध्या पेरूत भागते. आवळाही त्याच तोलाचा. लिंबाचा लौकिक मोठा असला तरी एका लिंबातून मिळणारे प्रमाण पेरूच्या मानाने थोडेच आहे; त्याचे खरे काम वेगळे, ते म्हणजे डाळी आणि पालेभाजीतले लोह शोषायला मदत करणे. त्यामुळे मामींना एवढेच सांगा की ऑपरेशनची जखम भरून तीन वर्षे झाली आणि सर्जननी आंबट बंद करायला सांगितलेले नाही.

तुमच्या आईंना या जीवनसत्त्वाची खरोखरच कमतरता असू शकेल, आणि हे मी भावाच्या बाजूने लिहीत आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीच्या पुढच्या साडेपाच हजारांहून अधिक भारतीयांचे रक्त तपासले गेले. उत्तरेत सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेत सुमारे ४६ टक्के वृद्धांमध्ये क जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. दात गेले की पेरू चावत नाही, एकट्यासाठी पालेभाजी निवडण्याचा कंटाळा येतो, आणि चहा-बिस्किट, मऊभात, दूध-पोळी यांवर दिवस निघतो. यांतल्या एकाही पदार्थात क जीवनसत्त्व सांगण्यासारखे नाही. नुसत्या धान्यावर राहिल्यास स्कर्व्ही होऊ शकते, याचा एक दाखला आपल्याच माणसांचा आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील (आजचे इराक) कुत येथे ब्रिटिश फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढले, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. रसद आटत गेली तसे घोड्याचे मांस शिजू लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले, बहुसंख्य हिंदी शिपायांनी फार काळ नाकारले. परिणामी पावावर राहिलेल्या गोऱ्यांना बेरीबेरी (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाला आणि आट्यावर राहिलेल्या हिंदी शिपायांना स्कर्व्ही. त्याच दशकात मोड आलेल्या कडधान्याने स्कर्व्ही हटते, हे प्रयोगांनी दाखवून दिले गेले. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळपास नसते, मोड येताना ते तयार होते. आपल्या उसळीची ही बाजू मला कायम कौतुकाची वाटते.

तेव्हा स्वयंपाकघरात असे करून पाहा. अर्धा पिकलेला पेरू बिया काढून, पातळ फोडी करून रोज दुपारी द्या; मधुमेहात एवढ्याने साखर उसळत नाही, हवे तर दोन तासांनी मोजून बघा. पेरूचा हंगाम नसेल तेव्हा संत्रे किंवा मोसंबे चालेल, पण रस काढून देऊ नका. आवळा किसून चिमूटभर मीठ लावून ताटात डावीकडे वाढा. मोरावळ्यात साखरच फार, त्याला या घरात औषध समजू नये. मोडाची मटकी कच्ची न देता वाफवून द्या. शेवग्याचा पाला आठवड्यातून दोनदा, आणि तो शिजायला लागेल तेवढाच शिजवा, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नासते आणि भाजीच्या फेकलेल्या पाण्यातून निघून जाते. लिंबू पिळायचे ते पातेले खाली उतरवल्यावर. आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात कळकतात म्हणून आपल्या आज्या ते कल्हईशिवाय वापरत नसत, त्यात आणखी एक शहाणपण नकळत साधले गेले होते : उघड्या तांब्याच्या संपर्कात क जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते. एवढे आहारात येत असेल तर गोळीची गरज उरत नाही. चावता येत नसेल किंवा खाणे अगदीच थोडे असेल, तर डॉक्टरांना विचारून काही आठवडे १०० मिलिग्रॅमच्या आसपासची साधी गोळी पुरे. विरघळणाऱ्या गोळीत सोडियमही बरेच असते, रक्तदाब असलेल्यांनी तेही लक्षात घ्यावे.

हाताकडे येते, कारण मूळ दुखणे तिथे आहे. सर्जननी लिम्फेडेमाच आहे असे सांगितले, तर त्याच वेळी हे काम शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मागा. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत असे विभाग असतात. तालुक्याला नसेल तर साताऱ्याला किंवा पुण्याला काही दिवस जावे लागेल, आणि भावाची खरी मदत इथे लागेल. उपचारात चार गोष्टी येतात. त्वचा हलकेच सरकवत पाणी उघड्या वाटांकडे नेणारे विशिष्ट मालीश, अनेक थरांची पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा. सूज उतरली की मापाने बनवलेली दाबाची बाही दिवसभर घालायची असते. औषधाच्या दुकानातून अंदाजाने आणलेली बाही काचली तर उलट त्रास होतो. तेल लावून जोराने चोळणे हे मालीश नव्हे, ते बंद करा. हात वापरायचाच नाही, असेही नाही. पूर्वी या बायकांना वजन उचलू देत नसत; २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्या स्त्रियांची सूज वाढली नाही, उलट ती उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले. त्यामुळे आईंच्या हातातून पोळपाट-लाटणे काढून घेऊ नका, तवा तेवढा तुम्ही सांभाळा. भाजणे, खरचटणे, गुलाबाचा काटा, मांजराचे नख, खोलवर कापलेले नख, यांतून जंतू शिरतात आणि या हातात ते फार लवकर पसरतात. भांडी घासताना हातमोजे, आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे आणि साधे मलम, एवढे रोज. हात एकाएकी लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, उद्यावर ढकलायचे नाही. प्रतिकारशक्तीसाठी काही करायचेच असेल, तर साखर आटोक्यात ठेवणे आणि फ्लू व न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारणे हे कोणत्याही ड्रिपहून मोलाचे आहे; लस उजव्या हाताला घ्यावी.

तुमच्यासारख्याच अडचणीतले इतर वाचकही हे वाचत असतील. मुलाच्या मानेत सर्दीखोकल्यानंतर वाटाण्याएवढ्या, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी लागल्या तर बहुधा त्या काही आठवड्यांत आपोआप बसतात. पण तीन आठवड्यांहून अधिक टिकणारी, वाढणारी किंवा दगडासारखी घट्ट गाठ असेल, किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे असेल, तर जीवनसत्त्वाच्या सिरपने वेळ न काढता तपासून घ्यावी. आपल्याकडे मानेतल्या गाठींमागे क्षयरोग पुष्कळदा निघतो. विदर्भातल्या वाचकांनी पायाची सूज हत्तीरोगाची नाही ना हे आरोग्य केंद्रात पाहावे, आणि गावात सरकारी कर्मचारी हत्तीरोगविरोधी गोळ्या घेऊन आले तर त्यांच्यासमोर त्या खाव्यात.

राहिला तुमचा खरा प्रश्न, दोषाचा. तुम्ही ‘नको’ म्हणणाऱ्या आणि भाऊ ‘करणारा’, अशी मांडणी तुमच्या मनात झाली आहे, म्हणून तुम्हाला अपराधी वाटते. भाऊ दूर आहे, हाताची सूज त्याला रोज दिसत नाही, त्याच्याजवळ पैसे आहेत आणि पैशाने होण्यासारखे काहीतरी त्याने शोधले; यात मला कावा दिसत नाही. त्याला ‘ड्रिप देऊ नकोस’ म्हणून थांबू नका. ‘सर्जनना विचारल्याशिवाय शिरेतून काही द्यायचे नाही, आणि ते पैसे परत मिळाले तर फिजिओथेरपी आणि बाहीसाठी लागतील, तू आईला घेऊन ये’ असे सांगा. सर्जनकडे तिघे मिळून जा आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या, कारण कर्करोगाच्या चालू औषधांशी कोणत्या गोळीचे जमते हे त्यांनाच पाहू द्यायला हवे. तिथे पहिला प्रश्न आईंना विचारू द्या. पत्रावरून तरी त्यांना कोणी विचारलेले दिसत नाही.

तोवर दर रविवारी आंघोळीपूर्वी शिवणाच्या टेपने दोन्ही हात मोजा : मनगट, कोपराखाली चार बोटे, कोपरावर चार बोटे. जागा बॉलपेनच्या खुणेने ठरवून घ्या, टेप आवळू नका, आणि आकडे तारखेसह वहीत लिहा. एकाच जागी दोन हातांत दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक आला तर ती वही सर्जनना आवर्जून दाखवा. सूज बोटाने दाबल्यावर खळगा पडतो का, तेही लिहा. पडत असेल तर हात अजून बऱ्यापैकी उतरण्याच्या अवस्थेत आहे. आणि दिवाळीसाठी आईंचा ब्लाउज आताच शिवायला टाकू नका. पट्ट्यांचा पहिला टप्पा संपू द्या, मग डाव्या बाहीचे माप द्या. आजचे दिले तर तो सैल होण्याचा संभव आहे.